मधुमेहाच्या नोंदी मोबाइलच्या अ‍ॅपवर ठेवाव्यात का?

प्रश्न : माझ्या आईला १२ वर्षांपासून मधुमेह आहे. साखरेचे आकडे ती आजवर दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहीत आली. आता मी तिच्या मोबाइलवर अ‍ॅप घालून दिले आहे. त्यातील जेवणाच्या हिशेबावर कितपत विसंबावे?

उत्तर १ : साखरेच्या नोंदींसाठी अवश्य वापरावे, उपाशीपोटीचा आणि जेवणानंतर दोन तासांचा आकडा वेळेसह नोंदलेला असला, की डॉक्टरांना औषधाची मात्रा ठरवणे सोपे जाते. जेवणाचे मात्र जपून. अ‍ॅपमधली ‘एक भाकरी’ आणि आपल्या तव्यावरची भाकरी यांत बराच फरक असतो. मी आठवडाभर पीठ काट्यावर तोलले, तेव्हा कुठे अंदाज आला.

उत्तर २ : बोटाला न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांच्या नादी कृपया लागू नका, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याविषयी इशारा दिला होता. दंडावर चिकटवायचा सेन्सर वेगळा. त्याची बारीक तार त्वचेखाली राहून पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजते, म्हणून तो आकडा रक्तातील साखरेच्या काही मिनिटे मागे असतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. काटा आजच माळ्यावरून काढला. दिनदर्शिका मात्र आई सोडायला तयार नाही.