गोमा पडलं: आपले जवान परत बोलवायचे का?

दार-एस-सलामहून, ९ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी,

काल आमच्या शहरात पूर्व आफ्रिकी समुदाय आणि सॅडेक, म्हणजे दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांचा गट, यांची एकत्र शिखर परिषद झाली. लगेच आणि विनाअट शस्त्रसंधी करा, असं आवाहन झालं. पण पूर्व कॉंगोतलं गोमा शहर २७ जानेवारीलाच एम-२३ या बंडखोर गटाच्या हातात गेलंय. एकट्या गोम्यात सुमारे २,९०० जण दगावल्याचा आकडा संयुक्त राष्ट्रांनी दिलाय आणि बंडखोर आता दक्षिणेला बुकावू शहराकडे निघालेत.

१९९९ पासून तिथे संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आहे. पंचवीस वर्षं! मग ती काय करत होती? आपले जवानही त्यात आहेत. जुलै २०२२ मध्ये तिकडच्याच बुटेम्बो शहरातल्या तळावर जमाव चालून आला आणि सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान गेले. ज्यांच्या रक्षणासाठी गेले त्यांच्याच हातून गेले. मला ते अजून पचलेलं नाही. भारतीय तुकडी परत बोलवा, असं निवेदन आपल्या मराठी मंडळातर्फे भारतीय उच्चायुक्तालयाला द्यावं, असा माझा प्रस्ताव आहे. सह्यांसाठी नावं कळवा.

दार शाखेचा सहसचिव

*

नैरोबीहून, १० फेब्रुवारी

सर्वांना नमस्कार.

बाळा, निवेदनात माझी सही धरू नकोस. तुझा राग कळतो. त्या दोघांची बातमी वाचून मलाही दोन रात्री झोप नव्हती. पण गोमा मी पाहिलेलं आहे. २०१२ साली तिथल्या भारतीय फील्ड हॉस्पिटलात होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गोमा म्हणजे काळ्या दगडाचं गाव. न्यिरागोंगोचा ज्वालामुखी डोक्यावर. रात्री ढगांना त्याची लाली दिसते. जुन्या लाव्हावरच घरं, रस्ते, कुंपणं. अनवाणी चाललं की पाय सोलून निघतात. त्या वर्षी २० नोव्हेंबरला गोमा एम-२३ च्या हाती पहिल्यांदा पडलं, तेव्हा लोक उत्तरेकडच्या छावण्यांतून पळत आले. बायकांच्या डोक्यावर गुंडाळलेल्या गाद्या, पोरांच्या हातात पिवळे जेरीकॅन. एक म्हातारा चुकुडूवर, म्हणजे तिकडच्या लाकडी ढकलगाडीवर, आपल्या बायकोला निजवून घेऊन आला होता. त्या आठवड्यात मी गोळीच्या जखमांपेक्षा जास्त टाके तळपायांना घातले. फाटकावर आपली पोरं उभी होती. गोळीबार अर्ध्या मैलावर चालला होता. कुणी हललं नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. संयुक्त राष्ट्रांची स्वतःची फौज नसते. देश आपापल्या पलटणी उसन्या देतात. त्यांनी काय करायचं ते न्यूयॉर्कला सुरक्षा परिषद ठरवते आणि शिवाय प्रत्येक राजधानी आपल्या तुकडीच्या कमांडरला फोनवर वेगळंच सांगते. पलटणी देतात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, उरुग्वे, मोरोक्को. ठराव लिहिणाऱ्या बड्या देशांचे जवान हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कॉंगोतल्या सैनिकाला आदेश काय, तर नागरिकांना वाचवा आणि सरकारी फौजेला मदत करा. ती फौजच हत्यारं टाकून तुमच्या फाटकाशी आली तर? या जानेवारीत तेच झालं. शेकडो कॉंगोली सैनिक शांतिसेनेच्या तळांत आसऱ्याला आले.

समोर नुसते जंगलातले बंडखोरही नाहीत. रवांडाचे तीन ते चार हजार सैनिक एम-२३ सोबत आहेत, असं संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञांनी मागच्या वर्षी लिहून दिलं. एका देशाचं सैन्य हद्द ओलांडून येतं, तेव्हा ते थांबवायची जागा वॉशिंग्टन, ब्रुसेल्स आणि किगालीत असते. गोम्याच्या चौकात निळं शिरस्त्राण घालून उभ्या असलेल्या नाईकावर त्याचं खापर फोडू नये.

बुटेम्बोच्या लोकांचा राग खोटा नव्हता. तुम्हाला वाचवू असं सांगून आलेली फौज गावोगावच्या कत्तली थांबवू शकली नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षं सोसलं होतं. तरीही माझं मत पक्कं आहे: शहर वाचवणं त्या पलटणीच्या हातात नव्हतं, फाटक उघडं ठेवणं होतं. आपण परत बोलवलं तर ते फाटकही जाईल.

डॉक्टरकाका

*

किगालीहून, ११ फेब्रुवारी

काकांना सा. न.

आधी एक विनंती. मी रवांडात राहते आणि इथे आपली बरीच मंडळी नोकरीला आहेत. सैन्याचे व्हिडिओ, कुणाचे पत्ते, कोण कुठे अडकलंय, हे कृपा करून यादीतल्या सगळ्यांना पाठवू नका.

गोमा आणि आमच्या बाजूचं गिसेन्यी ही एकाच तळ्याकाठची जोडगावं. मध्ये नुसता सरहद्दीचा अडसर. २७ तारखेला गिसेन्यीतही गोळे पडले, माणसं गेली. रोज सकाळी भाजी विकायला पलीकडे जाणाऱ्या बायकांचा धंदा त्या दिवशी बसला.

काकांच्या फाटकाबद्दल मला आणखी सांगायचंय. मी राहते त्या किचुकिरो भागात एक तांत्रिक शाळा होती. एप्रिल १९९४ मध्ये, तुत्सींच्या वंशसंहाराच्या वेळी, तिथे संयुक्त राष्ट्रांचे बेल्जियन शांतिसैनिक होते आणि त्यांच्या भरवशावर दोन हजारांहून जास्त लोक आवारात आले होते. ११ एप्रिलला सैनिकांना निघायचा हुकूम आला. ट्रक निघाले तेव्हा लोक चाकांपुढे आडवे पडले. बाहेर मारेकरी वाटच बघत होते. दहा दिवसांनी सुरक्षा परिषदेने रवांडातली सगळी फौज २७० वर आणायचं ठरवलं.

इथल्या लोकांचा बाहेरच्या फौजांवर विश्वास का नाही, हे त्यातून कळतं. मग जुलैत त्याच मारेकऱ्यांसकट लाखो निर्वासित गोम्याला गेले आणि त्यांच्यातूनच पुढे एफडीएलआर ही सशस्त्र संघटना कॉंगोत उभी राहिली. रवांडा आजही तिचंच कारण पुढे करतो. कारण खरं आहे. पण शेजारच्या देशात घुसायला ते पुरेसं आहे, असं मला वाटत नाही, आणि हे मी इथे राहून लिहिते आहे.

किगालीची ताई

*

दार-एस-सलामहून, १२ फेब्रुवारी

काका, ताई, दोघांची पत्रं घरी मोठ्याने वाचून दाखवली. निवेदन थांबवतो.

पण एक विचारतो. आमच्या इमारतीच्या अस्कारीचा, म्हणजे पहारेकऱ्याचा, भाऊ टांझानियाच्या पलटणीबरोबर गोम्याला होता. तो म्हणतो, आम्ही २०१३ मध्ये लढलो आणि जिंकलो. मग आता का नाही?

*

नैरोबीहून, १२ फेब्रुवारी, रात्री

त्याचं खरं आहे. मार्च २०१३ मध्ये सुरक्षा परिषदेने टांझानिया, दक्षिण आफ्रिका आणि मलावी यांची सुमारे ३,००० जणांची ब्रिगेड नेमली आणि तिला चाल करून जायची मुभा दिली. नोव्हेंबरात एम-२३ मोडलं. पण त्याआधी अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स यांनी रवांडाला मिळणारी आर्थिक मदत अडवली होती. तोफा आणि पैसा, दोन्हीकडून दाब होता. त्यानंतर हत्यारं टाकलेल्यांचं करायचं काय, हा प्रश्न तसाच राहिला आणि २०२१ च्या अखेरीस तेच लोक परत उठले. रुबायाच्या कोल्टनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंना लागणाऱ्या खनिजाच्या, खाणी मागच्या वर्षीपासून त्यांच्या ताब्यात आहेत. आता पैसाही त्यांच्याकडे आहे.

निवेदन द्यायचंच असेल तर हे लिही: जवान ठेवा, पण साधनं आणि स्पष्ट आदेश द्या. त्यावर माझी सही पहिली.

*

किगालीहून, १७ फेब्रुवारी

मंडळी, काल बुकावू पडलं.

बुकावू ज्या प्रांतात येतं त्या दक्षिण किवूतून शांतिसेना मागच्या जूनमध्येच निघाली. कॉंगो सरकारनेच तसं सांगितलं होतं. बुकावूत एका गोदामावर काम करणारं आपलं एक मराठी कुटुंब शनिवारी सरहद्दीवरच्या रुसिझी नदीच्या पुलावरून चालत इकडे आलं. न्युंग्वेच्या जंगलातून बसने काल रात्री माझ्याकडे पोचले. नाव-गाव लिहीत नाही. वहिनी सांगत होत्या, शुक्रवारी विमानतळ गेल्याचं कळलं तशी गल्लीतली माणसं एकमेकांना एकच विचारत होती: जायचं कुठे? कुणाला एकाही जागेचं नाव घेता येईना. त्यांच्याकडे पासपोर्ट होता, पूल ओलांडता आला. शेजारची बाई तीन पोरांना घेऊन दारातच उभी राहिली.

काका, तुमच्या मजकुरावर माझी सही धरा.

आणि तातडीचं: मुलगा सहावीत आहे, घाईत दप्तरच घेऊन आला, कपडे काहीच नाहीत. अकरा वर्षांच्या मुलाचे कपडे आणि एक स्वेटर हवा, इथे रात्री गारठा असतो. कंपालाहून या आठवड्यात कुणी गाडीने येणार असेल तर मला फोन करा.