स्वतःच्याच मॅचला जज मीच होतो, चुकलो का?

टॅप_अनटॅप_सांगली:
मंडळी जरा मोठं आहे, चहा घेऊन बसा. गेल्या रविवारी विश्रामबागला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाची टूर्नामेंट ठेवलेली, १४ जण, सांगली मिरजेचे आणि दोन पोरं कोल्हापुरातनं आलेली. लेगसी फॉरमॅट (म्हणजे जुने पत्ते पण चालतात), प्रॉक्सी म्हणजे नकली पत्ते चालतील असं आधीच ठरलेलं कारण खरे पत्ते घ्यायचे म्हटले तर गाडी विकावी लागंल. सगळ्यांनी कलर झेरॉक्स कापून रमीच्या जुन्या पत्त्यांवर ठेवून स्लीव्हमध्ये घातलेले. नियम त्यातल्या त्यात मला येतात म्हणून जज मी, आणि मी खेळलो नसतो तर १३ होऊन दर राउंडला एकाला बाय (न खेळता बसून राहणं), म्हणून खेळणारा पण मीच. घरी सांगितलं आज मी जज आहे तर आत्या म्हणते जजमेंट (आपल्या साध्या पत्त्यांचा खेळ) खेळायला एवढ्या लांब कशाला, इथं आम्ही तिघी आहोत की.

डेक माझा फोर हॉर्समेन. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी: (पुढची सगळी नावं पत्त्यांची) बसाल्ट मोनोलिथ टॅप केला, म्हणजे आडवा करून वापरला, की ३ माना, म्हणजे पत्ते खेळायची ताकद, तेच ३ देऊन तो परत अनटॅप, म्हणजे हातात शून्य. पण टेबलावर मेस्मेरिक ऑर्ब असेल तर दर अनटॅपला डेकचा वरचा एक पत्ता ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद पत्त्यांच्या गठ्ठ्यात. असा आख्खा डेक पालथा घालायचा. वाटेत नार्कोमीबा पडले की ते फुकटात बोर्डवर, म्हणजे टेबलावर खेळात येतात, तीन झाले की त्यांचा बळी देऊन ड्रेड रिटर्न, त्यानं ग्रेव्हयार्डमधनं शरूम वर येते, शरूम ब्लास्टिंग स्टेशन वर आणते, मग समोरच्याला एक एक डॅमेज. मधेच एमराकुल पडला की सगळं ग्रेव्हयार्ड डेकमध्ये जाऊन शफल, पुन्हा पहिल्यापासून. हा डेक भारी नाही हे मला माहितीय, पण तो चालताना बघायला जी मजा येते ती दुसऱ्या कशात नाही.

आता घोळ. तिसऱ्या राउंडला समोर एक बारावीचा पोरगा, त्याचा डेक लाल गॉब्लिनचा. पहिल्या गेममध्ये माझा लूप, म्हणजे वरचं चक्र, सुरू झाला, त्याच्याकडं टॉरमॉड्स क्रिप्ट होतं टेबलावर (एकदाच वापरता येतं, समोरच्याचं सगळं ग्रेव्हयार्ड खेळाबाहेर काढतं). त्यानं हात वर केला आणि 'जज!' म्हणाला. सगळी खोली हसली, मी पण हसलो, म्हटलं बोला, जज हजर आहे. त्यानं विचारलं हे मी मधेच वापरू शकतो का. मी म्हटलं हो, प्रायॉरिटी, म्हणजे काही करायची पाळी, मिळाली की कधीही. उत्तर शंभर टक्के बरोबर. त्यानं तिथंच वापरलं, तेव्हा माझ्या ग्रेव्हयार्डमध्ये दोन लँड आणि चारपाच किरकोळ पत्ते. मला मनातनं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर एमराकुल आधी पडत गेला, आठ वेळा. दर वेळी शफल, दर वेळी पोराकडनं कट, स्लीव्ह घामानं चिकटलेल्या, झेरॉक्स फुगून डेक विटेसारखा झालेला. गेम जिंकला तेव्हा मॅचच्या ५० पैकी ३८ मिनिटं गेलेली. दुसऱ्या गेमला मी ४ लाइफवर, तो मजबूत पुढं, आणि वेळ संपला, वरचे ५ टर्न पण संपले. १-० नं मॅच माझी. तेव्हापासून ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. प्रामाणिकपणे सांगा, चुकलो का?

वरदा_पुणे:
मी पुण्यात दुकानातल्या टूर्नामेंटना जज असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खेळाडू आणि जज एकच, यात मुळात काही गैर नाही. रेग्युलर, म्हणजे सगळ्यात साध्या पातळीच्या टूर्नामेंटला अधिकृत नियमच ते चालवून घेतात, लहान गावात त्याशिवाय टूर्नामेंट होणारच नाही. गैर हे की तुमच्या टेबलावर हात वर झाला तर कोण येणार हे सकाळी पहिल्या राउंडच्या आधी ठरवलं नाहीत. नियम कमी येणारा का असेना, तिसरा माणूस हवा, फोनवर नियम उघडून वाचता आला की बास.

क्रिप्टचं उत्तर बरोबर होतं. मी असते तरी तेवढंच सांगितलं असतं, 'आत्ता नको, ड्रेड रिटर्न टाकला की शरूमवर टार्गेट असताना उडव, मग तो वाया जातो' असं जजनं सांगायचंच नसतं, ते खेळायला शिकवणं झालं. फक्त माझ्या तोंडून आलेलं 'हो, कधीही' आणि समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून आलेलं 'हो, कधीही' ऐकणाऱ्याला एकसारखं लागत नाही. त्यानं तुमचा चेहरा बघून निर्णय घेतला असणार.

खरी चूक लूपची आहे आणि ती तुम्ही प्रश्नात एका ओळीत उरकलीत. ज्या लूपचा शेवट आधी सांगता येतो तिथं शॉर्टकट चालतो, म्हणजे प्रत्येक फेरी न खेळता थेट शेवट सांगायचा. डिव्होटेड ड्रुइड आणि व्हिझियर ऑफ रेमेडीज हे दोन पत्ते असतील तर 'दहा लाख हिरवे माना' म्हणा आणि पुढे चला, फक्त 'अनंत' म्हणता येत नाही, आकडा द्यावा लागतो. तुमच्या लूपमध्ये पत्ते कुठल्या क्रमानं पडतील ते नशिबावर, म्हणून शॉर्टकट नाही, हातानं करावं लागतं. आणि हातानं करताना आधीची परिस्थिती जशीच्या तशी परत आली तर थांबावं लागतं. नार्कोमीबा बोर्डवर आला तर काहीतरी बदललं, तोवर ठीक. तीन बोर्डवर आल्यानंतर एमराकुल पडून शफल झालं म्हणजे तुम्ही पुन्हा त्याच जागी. तिथंच थांबायला हवं होतं. कॉम्पिटिटिव्ह, म्हणजे कडक पातळीला मी स्लो प्लेची (वेळ लावल्याची) वॉर्निंग दिली असती, वर वेळ संपल्यास दोन जादा टर्न, आणि पुन्हा केलं असतंत तर गेम लॉसपर्यंत गेलं असतं.

कंदीपेढा_साताराकर:
आमच्याकडं राजवाड्याजवळ कॅरमच्या मॅची व्हायच्या, तिथं क्वीनला कव्हर पडलं का नाही हे मारणाऱ्यालाच विचारायची पद्धत असती तर रोज डोकी फुटली असती. 😂

पण भावा डेकचा दोष नाही, असल्या डेकचं सगळीकडंच असं होतं. २०१२ ला सिअ‍ॅटलची प्रो टूर (मॅजिकची मोठी आंतरराष्ट्रीय टूर्नामेंट) एग्ज नावाच्या डेकनं जिंकली, त्याचा एक टर्न इतका लांबायचा की समोरचा नुसता बघत बसायचा, शेवटी २०१३ ला मॉडर्न या फॉरमॅटमध्ये त्यातला सेकंड सनराइज हा पत्ता बॅन केला. लेगसीतला सेन्सेईज डिव्हायनिंग टॉप हा पत्ता २०१७ ला बॅन झाला त्यात पण वेळखाऊपणा एक कारण होतंच. एका माणसाच्या मजेसाठी बाकी १३ जणांनी घड्याळाकडं बघत बसायचं, हे तिकडं पण कुणाला झेपलं नाही.

गणित पण करून बघितलं. तीन नार्कोमीबा बाहेर असतील, आणि ड्रेड रिटर्न, शरूम, स्टेशन एक एकच असतील तर एमराकुल या चौघांत शेवटी पडायला हवा, म्हणजे दर फेरीला २५ टक्के. ओळीनं आठ वेळा फसायची शक्यता साधारण १० टक्के. तू काय लय कमनशिबी वगैरे नाहीस, दहातल्या एकाला हे होणारच.

लाल_गॉब्लिन:
मीच तो बारावीचा पोरगा. दादा लिंक ग्रुपवर तुम्हीच टाकली म्हणून लिहितोय.

हरलो त्याचं काही नाही. क्रिप्ट मी खास तुमच्यासाठी मेन डेकमध्ये घातलेलं, कारण मागच्या वेळी पण तुम्ही हेच खेळलेला. कधी वापरायचं ते मी घरी व्हिडिओ बघून पाठ केलेलं, ड्रेड रिटर्नला थांबायचं. पण मी 'जज' म्हटल्यावर सगळे हसले आणि तुम्ही लूप तसाच पुढं चालू ठेवून उत्तर दिलं, एक हात पत्त्यावरच होता, मला वाटलं आता नाही वापरलं तर नंतर चान्स देणार नाहीत. म्हणून घाईत टाकलं. आणि पाचव्या शफलनंतर मी विचारलेलं की हे किती वेळ चालणार, तर तुम्ही म्हणाला येईल येईल, भडंग खा तोवर. भडंग खाल्लं मी. पण मला तासगावला जायचं होतं आणि चौथा राउंड त्यामुळं अर्धवट सोडला.

कंदीपेढा_साताराकर:
'भडंग खा तोवर' 💀 हे स्लो प्लेच्या व्याख्येत घाला कुणीतरी.

वरदा_पुणे:
एक हात पत्त्यावरच होता, हे महत्त्वाचं आहे. जजला कॉल झाला की खेळ थांबतो, दोघांचे हात पत्त्यांवरून बाजूला. आणि कॉलमध्ये जितकी मिनिटं गेली तितकी त्या टेबलाला वाढवून द्यायची. हे केलं असतंत तर पोरानं शांतपणे विचार केला असता, बाकी काही बोलायची गरजच पडली नसती.

रमीबहाद्दर:
मला एक कळत नाही, झेरॉक्सवर खेळलेल्या टूर्नामेंटला एवढे नियम कशाला? प्रॉक्सी म्हणजे मुळातच अनऑफिशियल. घरचा खेळ आहे, ज्याला पटत नाही त्यानं 'मान्य, तू जिंकलास' म्हणून पुढच्या गेमला जावं.

वरदा_पुणे:
अधिकृत टूर्नामेंटला प्रॉक्सी नाहीच चालत, खेळताना पत्ता खराब झाल्यासारख्या वेळी हेड जज देतो तेवढीच. पण घड्याळ ५० मिनिटांचं त्यांनीच लावलेलं ना? घड्याळ लावलं की ते दोघांचं असतं. आणि 'मान्य' म्हणायचा हक्क समोरच्याचा, तो आपण मागायचा नसतो.

टॅप_अनटॅप_सांगली:
सगळं वाचलं, दोनदा. लूप थांबवायचा नियम मला माहिती होता, खरं तर. तीन नार्कोमीबा आल्यावर पहिल्या शफललाच डोक्यात आलेला, आणि मी मनात म्हटलं की आपण घरीच खेळतोय. दुसऱ्या टेबलावर असलं काही झालं असतं तर मी दोन मिनिटांत थांबवलं असतं, पहिल्या राउंडला एकाला नुसता शफल लांबवला म्हणून बोललो पण होतो.

निकाल बदलत नाही कारण बक्षीस वाटून झालं (नव्या पत्त्यांची दोन बंद पाकिटं, बूस्टर पॅक, होती, त्यातला माझ्या वाट्याचा मी तासगावला पाठवतोय, फोडलेला नाही). पुढच्या महिन्यात परत ठेवतोय. माझ्या टेबलाला जज मिरजेचा अमुक एक जण, नाव ग्रुपवर टाकतो, त्याला नियम कमी येतात पण तो कुणाच्या बापाला घाबरत नाही. डेक तोच आणणार, पण तीन नार्कोमीबानंतर एमराकुल पडला की तिथंच थांबायचं आणि टर्न द्यायचा. घरी तसा खेळून बघितला, निम्म्याच्या वर गेम हरतो.

लाल_गॉब्लिन:
बूस्टर नको दादा, समोर बसून फोडू. फक्त पहिला राउंड सकाळी १० ला सुरू करा, मागच्या वेळी पोहे खाण्यात साडेअकरा झालेले. क्रिप्ट दोन आणतोय.