मदत हवी आहे: लिलावात माल 'ठेवला' तर खातं जातं का?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळतो, रावेरहून. गेममधली बँक, पिशव्या सगळं गच्च. म्हणून गेममधल्याच लिलावात कुणी घेणारच नाही अशा भावाने माल लावतो. 48 तासांत विकला नाही की टपालपेटीत परत, तिथे 30 दिवस सुरक्षित. आमच्या केळीच्या वखारीसारखंच, फक्त भाडं म्हणजे बुडणारी अनामत! परवा घाईत भावातलं एक शून्य राहिलं अन् जपलेली ढाल कुणीतरी दोन मिनिटांत उचलली.

माल ठेवायला जास्तीची पात्रं बनवून पाहिली, तीही भरली. वस्तू सोलबाउंड (एकाच पात्राला बांधलेल्या, विकता न येणाऱ्या) नाहीत. पैसे टाकून जागा घ्यायची नाही, आणि लाइटच्या भरवशावर रोज लॉगिन जमत नाही.

महिनोन्‌महिने हाच माल टपालातून काढून पुन्हा लिलावात फिरवला, तर खात्यावर कारवाई होते का? कुणावर झालीय?