चौथा शनिवार कोणाचा?

सकाळची_८_१२
वय ३८, नोकरी बँकेत, फोर्टला. घर डोंबिवलीत. मुलगी दुसरीत, मुलगा साडेतीन वर्षांचा. गेल्या महिन्यात ठाण्याच्या अलीकडे चालत्या लोकलमध्ये घेरी आली. बायकांनी खिडकीशी बसवलं, एकीने डब्यातले गूळ-शेंगदाणे हातावर ठेवले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय खाता? मला सांगताच येईना. सकाळी मी तीन डबे भरते, आणि माझा चहा ओट्यावर साय धरून बसलेला असतो.

बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. आता त्या दोन दिवशी साडेसहा ते नऊ मी घरात नसते. चालते, मग हॉटेलात बसून गरम इडली खाते. घरी नवरा असतो, मुलांचं तो बघतो. सासूबाई मला काही म्हणाल्या नाहीत. पण फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या ते कानावर पडलं, "आठवडाभर पोरं आईविना, आणि सुट्टीला पण आई बाहेर." तेव्हापासून निघताना पाय उंबऱ्याशी अडतो.

माझ्या मते हे अडीच तास माझ्या हक्काचे आहेत. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त_बाई_नाशिक
तुझ्या सासूबाईंच्या वयाची आहे, म्हणून अगं-तुगं करते. ३१ वर्षं शाळेत शिकवलं, दोन मुलं वाढवली. तुझी तब्येत आधी, यात वाद नाही. पण साडेतीन वर्षांच्या पोराला पाच दिवस आई दिसते ती रात्री आठनंतर. शनिवारी तो उठतो तेव्हा आई नाही, हे मला पटत नाही. त्याला घेऊन जा की चालायला. आम्हीही मन रमवायचो, मंगळागौर होती, हळदीकुंकू होतं, गुरुवारचं भजन होतं. पोरं मांडीवर झोपायची आणि आम्ही गायचो. पोरांना घरी ठेवलं तरच विसावा मिळतो, हे कुठून आलं? मुलं आठवीत गेली की आपणहून लांब जातात. मग शनिवारच शनिवार असतात.

गार_चहा
बाई, आदर ठेवून सांगते, पोरगं सोबत असलं की इडली त्याची आणि चटणी साडीवर. आणि हळदीकुंकवाचं म्हणाल, तर वाण आणणं, हरभरे भिजवणं, आलेल्यांची ऊठबस, सगळं कोण करायचं? तुम्हीच ना? माझी आईही करायची. रात्री पाय चेपून घ्यायची आणि म्हणायची, छान झालं हो हळदीकुंकू.

२०१९ साली केंद्र सरकारने वेळेच्या वापराची पाहणी केली. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ९७. ताई महिन्यातून दोनदा दीडशे मिनिटं मागतायत. आणि ८.४ हा काही त्यांच्या एकटीचा आकडा नाही. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, आणि २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका त्यात बसतात. निम्म्याहून जास्त! शेवटची पोळी आपण खायची, तीही सगळ्यांचं झाल्यावर, ही सवय कधी मोडणार?

बदलापूर_फास्ट
नवऱ्याच्या बाजूने कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मीही रोज पावणेदोन तास लोंबकळत जातो, मलाही सुट्टी तेवढीच. बायकोने बाहेर जावं, मी मुलं सांभाळतो, तक्रार नाही. पण "हक्काचे" हा शब्द खटकला. घरात एकाने हक्क म्हटलं की दुसराही वही काढतो. आमच्याकडे तसं झालं आणि सहा महिने दोघं मिनिटं मोजत होतो. एकमेकांचा चेहरा बघून "जा, पडून ये जरा" म्हणणं होतं, तेच संपलं.

गार_चहा
दादा, चेहरा बघून कळत असतं तर ताई ८.४ पर्यंत पोचल्या असत्या का?

रात्रपाळी_सिस्टर
मी नर्स, तीन पाळ्यांत काम. मला दुसरा शनिवार नाही आणि चौथाही नाही. म्हणून मला हा वादच अपुरा वाटतो. "स्वतःसाठी वेळ काढा" असं बाईला सांगणं म्हणजे तिच्या कामात आणखी एक काम घालणं. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातून चारदा तिथे जाता यायला हवं. मी आधी जिथे होते तिथे पाळणाघर म्हणून एक खोली दाखवली. आत जुन्या फायली, मोडका स्ट्रेचर, आणि भिंतीवर चिकटवलेलं मिकी माऊस. माझं बाळ तेव्हा नऊ महिन्यांचं. दूध दाटून यायचं, मी बाथरूममध्ये पिळून टाकायचे. त्या दिवसांत मला कोणी चालायला जा म्हटलं असतं तर रडले असते. नवरा-सासू यांच्याशी भांडताना मालकाला सगळे विसरतात.

सकाळची_८_१२
सिस्टर, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवेना. आमच्याकडेही पाळणाघर नाही आणि मी आजवर कधी विचारलंही नाही. सोमवारी युनियनच्या ताईंशी बोलते.

नाशिकच्या बाई, मुलाचं तुम्ही म्हणालात ते लागलं, कारण तो खरंच दाराशी येऊन बसतो. तरी मी जाणार आहे. परत येते तेव्हा त्याच्याशी खेळायला माझ्यात जीव असतो. एरवी शनिवारी मी नुसती ओरडत असायचे. दादा, "हक्क" शब्द मात्र मागे घेत नाही. तो म्हटल्यावरच घरात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, तू जेवलीस का?

काल सासूबाईंना सरळ विचारलं, तुम्ही सकाळी काय खायचात? म्हणाल्या, "उरलं तर."

निवृत्त_बाई_नाशिक
माझं मत बदललं नाही, पोराला महिन्यातून एकदा तरी सोबत ने. आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर चहाबरोबर घेऊ नकोस, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या पाण्याबरोबर घे. सासूबाईंचंही रक्त तपासून घे.