रेटिंग जेवणाचं असतं, कॉफीचं नाही
ब्रंचसाठी कॅफे निवडताना नकाशावर पाचपैकी साडेचारच्या वर रेटिंग असलं की डोळे झाकून जा, असा एक सल्ला आहे. ब्रंचपुरतं ते बहुतेक चालून जातं, पण कॉफीला नाही. लोक तारे देतात ते अंड्यांना, पावाला आणि खिडकीजवळच्या टेबलाला! कॉफीसाठी रिव्ह्यूंमधले फोटो उघडून काउंटर शोधा. ग्राइंडर (बिया दळायचं यंत्र) दिसतो का, कॉफीच्या बियांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख आहे का ते बघा. एस्प्रेसोला (यंत्राच्या दाबाने काढलेल्या कडक कॉफीला) भाजून साधारण 1 ते 4 आठवडे झालेल्या बिया बऱ्या; नुसती 'बेस्ट बिफोर' छापली असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. पोचल्यावर कॉफीच्या यंत्राची दूध तापवायची वाफेची नळी बघा. तिच्यावर दुधाचा वाळलेला थर असेल तर सरळ काळी कॉफी मागवा. दूध 60-65 अंश सेल्सियसच्या फार पुढे गेलं की गोडवा जातो आणि उकळल्याचा वास येतो. उरलेलं दूध पुन्हा तापवलं तर फेसही नीट धरत नाही.

अजून एक, नकाशावर दिसते ती बहुधा कॅफेची वेळ. स्वयंपाकघर बऱ्याचदा त्याआधीच बंद होतं, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करून शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात तेवढं विचारा.