अपडेट संपलेल्या क्रोमबुकवर डेबियन: शहाणपण की हौस?

काडीपैलवान

क्रोमबुकच्या (गूगलच्या क्रोमओएस सिस्टिमवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या) अपडेटची मुदत संपली की त्या क्रोमओएसला चिकटून बसण्यात अर्थ नाही. फर्मवेअर, म्हणजे यंत्र सुरू करणारं आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदला आणि सरळ डेबियन हे मोफत लिनक्स टाका, असं माझं स्पष्ट मत आहे. गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये ही मुदत १० वर्षांवर नेली हे खरं. पण ती मोजतात तो प्लॅटफॉर्म बाजारात आला तेव्हापासून, तुम्ही यंत्र घेतलंत त्या दिवसापासून नव्हे. वापरलेलं क्रोमबुक घेणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं शेपूट येतं.

मुदत संपली तरी यंत्र चालूच राहतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तिथला क्रोम ब्राउझर सिस्टिमच्या अपडेटबरोबरच येतो, त्यामुळे तोही जुन्या आवृत्तीवर अडकतो. दोन्ही वेगळे करायला गूगलने लॅक्रॉस नावाचं काम हाती घेतलं होतं, तेही २०२४ मध्ये गुंडाळलं. असल्या ब्राउझरवर बँकेचे व्यवहार करायचे आणि लिनक्सचं नाव काढलं की नाक मुरडायचं, हे मला पटत नाही.

४ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी साठवण असेल तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप घ्या, झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा वाचवणारी सोय) चालू करा. लिहिणं, ईमेल, थोडंफार प्रोग्रॅमिंग आरामात निभतं. डेबियन १२ पासून वायफाय चिपचं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळतं, ते वेगळं शोधायची जुनी रड संपली.

कर्नलकाका

क्रोमओएस लिनक्सच आहे हो. तुम्ही एक लिनक्स काढून दुसरं टाकताय, आणि जाताना त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट फेकून देताय. यंत्र सुरू होताना प्रत्येक टप्प्यावर पुढच्या भागाची सही तपासली जाते. सिस्टिमच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तर दुसरीवरून सुरू होतं. तुमच्या डेबियनवर यातलं आपसूक काय मिळतं?

लिनक्सचे प्रोग्रॅम हवेत तर सेटिंगमधून लिनक्स चालू करा. २०१८ पासून ती सोय आहे, आणि आत डेबियनच असतं. जिंप, लिब्रेऑफिस, टर्मिनल सगळं चालतं, बॅटरी आणि आवाजाला धक्का न लावता. मुदत शिल्लक असेल तर फर्मवेअरला हात लावणं म्हणजे निव्वळ हौस.

काडीपैलवान

मुदत शिल्लक असेल तर, हे तुम्हीच लिहिलंत. माझा धागा संपलेल्यांबद्दल आहे. तुम्ही म्हणता ते डेबियन व्हर्च्युअल मशीनमधल्या, म्हणजे क्रोमओएसच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकातल्या, कंटेनरमध्ये चालतं. ते अपडेट होत राहील, पण खालची सिस्टिम जुनीच. आणि ४ जीबीतली रॅम त्या मशीनला दिल्यावर ब्राउझरला उरतं काय? सही तपासणं उत्तम, पण तपासून सुरू होतंय ते जुनं, भोकं न बुजवलेलं सॉफ्टवेअर.

तिरपी रेघ

दोघंही आवाजाबद्दल बोलत नाही आहात, आणि माणसं वैतागून परततात ती तिथेच. इंटेलच्या बऱ्याच क्रोमबुकांवर डेबियन टाकल्यावर स्पीकर मुका. वेगळं फर्मवेअर आणि सेटिंगच्या फायली लागतात. त्यासाठी लोकांनी लिहिलेल्या स्क्रिप्ट आहेत, चालतातही. पण इंटेलच्या स्कायलेक-काबीलेक चिपांच्या काळातल्या काही मॉडेलांवर आवाज मोठा केला तर स्पीकर जळू शकतो. विनोद नाही, ही त्या हार्डवेअरची खरी अडचण आहे. आपल्या मॉडेलचं सांकेतिक नाव (गूगलने आतल्या बोर्डाला दिलेलं) शोधा, त्यावर काय चालतं ते बघा, मगच पेनड्राइव्हला हात घाला. ‘सरळ टाका’ हा सल्ला मॉडेल न विचारता देणं मला बेजबाबदार वाटतं.

अर्धवटराव

मग मधला मार्ग घ्या ना. डेव्हलपर मोड, म्हणजे सही तपासणं बंद करणारी सोय, चालू करायची, मूळ फर्मवेअर तसंच ठेवून दुसरी सिस्टिम सुरू करण्याचा पर्याय वापरायचा. क्रोमओएसही राहतं, लिनक्सही. यंत्राची उघडाउघडी नको.

काडीपैलवान

हा सगळ्यात वाईट मार्ग. डेव्हलपर मोड चालू करताना आतला डेटा पुसला जातो, ते एकदाच, ठीक. पण त्यानंतर दर वेळी सुरू होताना इशाऱ्याचा पडदा येतो. जुन्या मॉडेलांवर तिथे कुणी स्पेसबार दाबून पुढे होकार दिला की तपासणी परत चालू, आणि डेटा पुन्हा साफ. पडद्यावरची सूचनाच तसं करायला सांगते, त्यामुळे घरातलं कुणीही ते आज्ञाधारकपणे करेल! शिवाय ३२ जीबीत दोन संसार मांडायचे. पूर्ण फर्मवेअर बदला किंवा काहीच करू नका.

नवी खिडकी

पूर्ण बदलायचं तर उघडावं लागतंच का? माझ्याकडे इंटेलचं आहे, मुदत संपलेलं.

तिरपी रेघ

बहुतेक वेळा हो. फर्मवेअरवर लिहिण्याला हार्डवेअरचा अडसर असतो. जुन्यांमध्ये मदरबोर्डवरचा एक स्क्रू काढला की तो उठतो. नंतरच्या अनेकांमध्ये गूगलची सुरक्षा चिप आहे. तिथे बॅटरीची जोडणी सोडवून फक्त चार्जरवर यंत्र चालवायचं, किंवा खास डिबग केबल वापरायची. काही झालं तरी मूळ फर्मवेअरची प्रत आधी पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह जपा. परतीचा खात्रीचा रस्ता तोच. एआरएम प्रोसेसरचं क्रोमबुक असतं तर फर्मवेअर बदलायचा हा रस्ताच नव्हता, मूळच्या जागी बसवायचं हे युईएफआय फर्मवेअर इंटेल आणि एएमडी प्रोसेसरपुरतं आहे. एआरएमवाल्यांनी पोस्टमार्केटओएस या लिनक्सकडे बघावं.

कर्नलकाका

बघा, स्क्रू, बॅटरी, केबल, प्रत. हे सगळं ज्याला जमतं त्याच्यासाठी मी हरकत मागे घेतो. पण अशी क्रोमबुकं बहुतेक ज्यांना संगणकात रस नाही त्यांच्याकडे असतात. अँड्रॉइडची ॲप गेली, व्हिडिओच्या काही सेवा कमी दर्जाचं चित्र देऊ लागल्या, की फोन तुम्हालाच येणार. अपडेट कोण करणार?

काडीपैलवान

सुरक्षेची अपडेट आपोआप बसवायची सोय डेबियनमध्ये आहे, एकदा चालू करून द्यायची. ॲप जातात, ते मान्य. पण तुमचा पर्याय काय? जुनाच ब्राउझर?

कर्नलकाका

पर्याय असा, की त्यांनी त्यावर बँक उघडू नये. व्यवहार फोनवर, क्रोमबुक फक्त लिहिण्यावाचण्यापुरतं.

नवी खिडकी

माझ्या यंत्राची मागची बाजू उघडून पाहिली. स्क्रू काही दिसत नाही, म्हणजे बॅटरीचाच मार्ग दिसतोय. मॉडेलचं सांकेतिक नाव शोधून इथेच टाकते, आवाजाचं काय ते सांगा.