डेलियाच्या कलमांना कंदच धरत नाहीत. मदत हवी आहे

खुरपं: डेलियाची कलमं केली, झाडं जोमात वाढली, फुलंही आली. आता झाडं वाळल्यावर उकरून बघतोय तर कंदांच्या नावाने बोंब. बहुतेक कुंड्यांत नुसता मुळांचा गुंता. थोडे करंगळीएवढे कंद मिळाले ते ओलसर कोकोपीटमध्ये ठेवलेत, पण कोंब फुटायचं नाव नाही. या रंगाचा जुना कंद एकच आहे. तो परत रुजत घातलाय, कोंब वर आलेत. छाटू की थांबू? जरा लवकर सांगा.

हिरवा_चाफा: कोंब ७ ते १० सेंमी झाला की छाटायचा, रूटिंग पावडरमध्ये बुडवून परलाईट-कोकोपीटमध्ये खोचायचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. खोड आतून पोकळ झालं असेल तर घेऊ नका, सडतं.

खुरपं: अहो, मुळं येतात! कंद येत नाहीत. प्रश्न वाचा की.

गाठीभेटी: छाटता नेमकं कुठे? मातीत पेर (पानं फुटतात ती गाठ) जातं की नुसती दांडी? फोटो टाका.

खुरपं: पानांच्या जोडीच्या बरंच वर छाटतो आणि दांडी खोचतो. सगळे तसंच करतात ना?

गाठीभेटी: नाही करत. डेलियाच्या कंदाला बटाट्यासारखे अंगभर डोळे नसतात. ते मानेच्या वर, खोडाला चिकटलेल्या भागातच असतात. कलमाला तो भाग मातीत गेलेल्या पेरापासून मिळतो. पेर मातीत नसेल तर मुळं येतील, कंदही येतील, पण आंधळे. तुमचे करंगळीएवढे बहुधा तसलेच. पेराच्या लगेच खाली छाटा, खालची पानं काढा आणि ते पेर मातीत गाडा.

शेणखतप्रेमी: नत्र जास्त झालंय. पोटॅश द्या. माझे कंद मुठीएवढे होतात.

गाठीभेटी: पोटॅशने डोळे फुटत नाहीत हो.

शेणखतप्रेमी: मी डोळ्यांचं बोललोच नाही. त्यांचे कंद करंगळीएवढे आहेत, वाचलंत का?

बीजगणित: एवढा खटाटोप कशाला? बी पेरा. पहिल्याच हंगामात फुलं आणि कंद दोन्ही.

खुरपं: मला हाच रंग हवाय.

बीजगणित: मग बी नको. बागेतल्या डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असतात, बियांतून काय निघेल नेम नाही. पण मजा त्यातच आहे.

रातकिडा: कुंड्यांवर रात्री उजेड पडतो का?

खुरपं: जिन्यातला दिवा रात्रभर असतो. त्याचा काय संबंध?

रातकिडा: तोच तर संबंध! दिवस बारा तासांच्या आसपास किंवा त्याहून लहान झाला की डेलिया कंद भरायला घेतो. रात्रभर दिवा म्हणजे झाडाच्या लेखी दिवस मावळतच नाही. फुलं येतात, कंद धरायचे राहतात.

हिरवा_चाफा: काहीही. माझी झाडं रस्त्याच्या दिव्याखाली आहेत, कंद भरपूर.

रातकिडा: दिवा किती लांब?

हिरवा_चाफा: मोजला नाही. मध्ये आंबा आहे.

रातकिडा: 🙏

सुगरण_नाही: डेलियाचे कंद खाता येतात असं वाचलंय. चव कशी असते?

खुरपं: कंद मिळाले तर सांगतो.

पांढरा_कोट: पानांच्या शिरांलगत पिवळे पट्टे असतील तर त्या कंदाची कलमं करूच नका. मोझॅक विषाणू कलमातून जसाच्या तसा पुढे जातो. दर कोंबानंतर ब्लेड निर्जंतुक करा.

खुरपं: पानं स्वच्छ आहेत. मग आज छाटू?

हिरवा_चाफा: छाटा. कंदाची बारीकशी चकती कोंबासोबत घ्या, मुळं पटकन येतात.

गाठीभेटी: एकच कंद आहे त्यांच्याकडे! चकतीबरोबर डोळाही जाईल. खालचं पेर कंदावरच ठेवा, तिथून दोन नवे कोंब येतील. घाई नको, वर निदान दोन पेरं होऊ द्या. एक मातीत, एक बाहेर.

खुरपं: बरं. दिवा काढता येणार नाही, जिना सगळ्यांचा आहे. रात्री खोकं पालथं घातलं तर?

रातकिडा: चालेल, पण उजेड आत शिरता कामा नये. आणि आत्तापासून नको, आधी झाड वाढू दे. फुलं येऊन गेली की संध्याकाळी झाकायचं, सकाळी काढायचं. काही आठवडे रोज, खाडा नाही.

शेणखतप्रेमी: आणि पोटॅश.